थंडीत फुटणारं रक्त

नांदेडला माझा नवरा आणि थोरले दीर एकाच बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. त्या हिवाळ्यात नवऱ्याच्या बोटांची टोकं निळी पडू लागली, डोळे पिवळे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. कावीळ समजून झाडपाला दिला. तो खंगतच गेला.

एका सकाळी दिरांनी मोरीत ती लघवी पाहिली. माझे केस धरून मला अंगणात फरफटत आणलं.

"काय खाऊ घालून राहिलीस माझ्या भावाला? बोल!"

मी "काहीच नाही" म्हणाले, तर थप्पड कानावर बसली. मग दांडकं घेतलं. पाठीवर, मांड्यांवर, आडव्या धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शेजारीण दारातून हलली नाही. नवरा भिंत धरत बाहेर आला, "दादा, सोड तिला" म्हणाला आणि माझ्या अंगावर कोसळला. पुढचा फटका त्याच्या खांद्यावर बसला, तेव्हा कुठं दीर थांबले.

माझ्या भावानं आम्हा दोघांना लातूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. माझ्या हाताला प्लास्टर घातलं. नवऱ्याचं रक्त नळीत घेतलं की लगेच दाणेदार व्हायचं. डॉक्टरबाईंनी ती नळी मुठीत धरून उबवली, तसं ते परत मोकळं झालं.

"आजार दुर्मीळ आहे," बाई म्हणाल्या. "थंडी लागली की यांच्या अंगातली रोगाशी लढणारी ताकद यांच्याच तांबड्या पेशींवर तुटून पडते. पेशी चिकटतात, फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो. खाण्यापिण्याचा यात संबंध नाही."

रक्त कोमट करून चढवलं, इंजेक्शनं दिली. तो सावरला.

दीर मोसंब्या घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "मला काय ठाव? मला इखच वाटलं."

"विष वाटलं, तर त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं," मी म्हणाले. "तुम्ही दांडकं उचललंत."

त्यांनी हात उगारला. नवऱ्यानं सलाईन लावलेल्या हातानं तो धरला. सुई निसटली, चादरीवर रक्त सांडलं.

"दादा, नीघ."

मी पोलिसांत तक्रार दिली. आता नवरा लातूरला पिठाच्या गिरणीत काम करतो. खटला नांदेडला चालू आहे. तारखेला आम्ही दोघं जातो. तो हातमोजे, कानटोपी घालून माझ्या शेजारी बसतो, समोर त्याचा भाऊ असतो.