बंद होऊन राह्यली

आमच्या मंडळाचं पूर्ण नाव अंतःस्थापित व वास्तवकालीन संगणक संशोधक मंडळ. हे नाव एका दमात म्हणणारा माणूस मला वर्ध्यात अजून भेटायचा आहे. सगळे आम्हाला रिअल-टाइमवाले म्हणतात. लिफ्टच्या, गाडीच्या ब्रेकच्या, दवाखान्यातल्या पंपाच्या पोटात जे छोटे संगणक असतात, त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांचं हे मंडळ. तिथे उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या क्षणाच्या आत यावं लागतं. अशा वक्तशीर लोकांची एकही सभा आजवर वेळेवर सुरू झालेली नाही, हे मी स्थानिक चिटणीस या नात्याने कबूल करतो.

श्रावण या मंडळाचा कोणीच नव्हता. आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात तो बावीस वर्षं प्रयोगशाळा साहाय्यक. राहायला बोरगाव मेघेला. सभा वर्ध्यात असली की खुर्च्या, प्रोजेक्टर, चहा सगळं त्याच्या गळ्यात. पण मोजमाप करावं तर त्यानेच. आम्ही प्राध्यापक मंडळी तीनदा मोजतो आणि जेवायला जातो. हा तीसदा मोजणार, आणि आपण घाई केली तर म्हणणार, "थांबा ना सर, अजून होऊन राह्यलं."

सभासद व्हायचं त्याच्या फार मनात होतं. पदवीची अट नाही, नियम एकच: मंडळाने स्वीकारलेल्या एका तरी शोधनिबंधावर नाव हवं. आता कितीतरी निबंधांतले आकडे याच्याच डोळ्यांनी टिपलेले, पण नाव यायचं ते शेवटी आभारात. एकदा तर तिथेही 'श्रावणकुमार' छापून आलं. त्यावर आम्ही हसलो होतो. तोही हसला, पण जरा उशिरा.

मग शाल्मली आमच्याकडे शिकवायला आली. पुण्याची, कामाला वाघ, स्वभावाने सरळ. तिने हिंगणघाटच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, यंत्रणा केली. जिनिंगमध्ये कापूस हवेच्या झोताने मोठ्या पाइपातून ओढला जातो. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा असला की घासून ठिणगी पडते, आणि ती ठिणगी कापसाबरोबर थेट आत, जिथे बाया काम करत असतात, तिथल्या ढिगात जाते. शाल्मलीचा संगणक ठिणगी दिसताच पाइपातली झडप बंद करून तो कापूस बाहेर अंगणात टाकायचा. मुदत चारशे मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात झडप पूर्ण बंद झाली तर ठीक, नाहीतर कापूस गेलाच आत.

चाचण्या श्रावणने घेतल्या. ठिणगीऐवजी छोटा दिवा चमकवायचा, झडपेचं संथ चित्रण करायचं, चारशेव्या मिलिसेकंदाचं चित्र थांबवायचं आणि झडप कशी दिसते ते वहीत लिहायचं. अशा तीस चाचण्या. वही शाल्मलीने घेतली, निबंध लिहिला, आणि दुसरं नाव श्रावणचं घातलं. विचारलंसुद्धा नाही, सरळ घातलं. त्या दिवशी श्रावण माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या सभासदत्वाचा अर्ज भरत होता. व्यवसायाच्या रकान्यात त्याने 'मोजणी' लिहिलं. शिफारस म्हणून मी सही केली. त्याची बायको शोभाबाई हिने सभेसाठी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करवून आणला होता.

सभा दसऱ्यानंतरच्या शनिवारी झाली. अध्यक्ष अनय, पुण्याहून आलेले, बाकीचे पाहुणे हैदराबाद आणि बंगळूरचे. वर्ध्याकडचे आम्ही दोघंच: पहिल्या रांगेत मी, मागे प्रोजेक्टरजवळ श्रावण. सकाळी निबंध स्वीकारला की दुपारी त्याचा अर्ज मंजूर, आणि सोमवारी हिंगणघाटला यंत्रणा सुरू, असं ठरलेलं.

शाल्मली छान बोलली. शेवटी अनयनी विचारलं, "तीसही चाचण्यांत झडप मुदतीत बंद झाली?"

"तीसही," ती म्हणाली आणि तिने वहीचं पान पडद्यावर दाखवलं. "तेवीस ठिकाणी 'बंद' लिहिलंय. उरलेल्या सात ठिकाणी तर त्याहून चांगलं आहे." तिने मोठ्याने वाचलं, "'झडप बंद होऊन राहिली.' म्हणजे बंद झाली आणि बंदच राहिली."

मी जन्माचा इथला. आमच्याकडे जेवण होऊन राह्यलं म्हणजे माणूस अजून ताटावर आहे. झडप बंद होऊन राह्यली म्हणजे ती अजून बंद होते आहे. तीसपैकी सात वेळा ती मुदत टळताना अर्धवट उघडी होती, आणि श्रावणने ते स्वच्छ लिहिलं होतं. पुण्याच्या मुलीने आपल्या मराठीने वाचलं, एवढंच.

मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनाशी म्हटलं, श्रावणचा अर्ज जाईल, आत्ता नको, सभा संपली की शाल्मलीला बाजूला घेऊन सांगू. यात मंडळाच्या आमच्या वर्धा शाखेच्या नावाची काळजीही मिसळलेली होती, हे आज लिहिताना लाज वाटते. मी समोरच्या कागदावर काहीतरी टिपत असल्याचं सोंग केलं. अनयनी विचारलं, "मग स्वीकारायचा?" दोन-तीन हात वर गेले.

"मॅडम, तसं नाई जी ते," मागून आवाज आला. श्रावण उभा राहिला होता. "बंद झाली नोती. बंद होऊन राह्यली होती. सात बारी उशीर झाला."

कोणाला काही कळेना. मग त्याने पुढे येऊन चित्रण लावलं. त्या सातांपैकी एका चाचणीच्या चित्रात झडपेखाली चार बोटांची फट दिसली. शाल्मली खुर्चीवर बसली, पुन्हा उठली आणि म्हणाली, "निबंध मागे घेते. चूक माझ्या वाचण्याची आहे." जिनिंगला तिने तिथूनच फोन करून सोमवारचं काम थांबवलं. श्रावणचा अर्ज दुपारी वाचलाच गेला नाही. निबंध नाही, तर अर्ज नाही. नियमच तसा.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघं खुर्च्या रचत होतो. मी कधी रचत नाही, त्या दिवशी रचत होतो. म्हटलं, "वाईट झालं रे, श्रावण."

"झालं ना वाईट," तो म्हणाला. "घरी सांगून आलो होतो मी." मग चार खुर्च्या एकात एक बसवून झाल्यावर त्याने विचारलं, "सर, मॅडमनं वाचलं तवा तुमालेबी समजलं होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. "समजलं होतं," मी म्हणालो.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मले वाटलं," तो म्हणाला, "सर समोर बसून हायेत, सभासद हायेत, तेच बोलतीन. म्हणून थांबलो मी. नाईतर पयलेच बोललो असतो."