गोडे, स्वल्प स्वल्प

लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा बसवनगुडीतल्या आमच्या घरमालकिणीची अट एकच होती: भिंतीला खिळा मारायचा नाही. मारलात तर दुसरं घर बघा. ह्यांनी मान डोलावली. मी नाही डोलावली. ह्यांची फिरतीची नोकरी, घरात मी एकटी. मग आरसा काय डोक्यावर घेऊन हिंडू? वर्षभरात सात खिळे ठोकले.

एका शुक्रवारी निरोप आला, मंगळवारी बनशंकरीच्या देवळातून परतताना मालकीणबाई घर बघायला येणार. माझं धाबं दणाणलं. मला पाचवा महिना लागला होता, नवं घर शोधायची ताकद नव्हती. खिळे उपटले तर प्रत्येकाबरोबर चुन्याचा पोपडा आला.

शेजारच्या अक्कांना विचारलं. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत कानडी कुठे शिरली ते त्यांनाही कळायचं नाही. म्हणाल्या, "चुना भिजवा. मग गोडे, स्वल्प स्वल्प. सरी?"

"सरी," मीही त्यांच्यासारखंच 'बरं' म्हटलं. स्वल्प म्हणजे थोडं, एवढं मला यायचं. आणि गोडे म्हणजे गोड, ते तर आपलंच. जुने गवंडी चुन्यात गूळ घालतात, हे मीही ऐकलं होतं.

भिजल्या चुन्यात गूळ कालवला. भोकं ओली करून चमच्याच्या दांड्याने लगदा दाबून भरला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला, वरून पांढऱ्या चुन्याचा हात दिला. बोट फिरवलं तरी जागा सापडेना. मी स्वतःवरच खूश.

मंगळवारी मालकीणबाई दारात येऊन थबकल्या. भिंतीवर सात ठिकाणी मुंग्यांचे घोस लागले होते.

"सात?" त्यांनी विचारलं. "चुन्यात घातलंत काय?"

"गूळ. अक्काच म्हणाल्या, गोडे घाला."

"अहो, कानडीत गोडे म्हणजे भिंत! भिंतीची खरवड घालायची, म्हणजे रंग जुळतो." आणि त्या पदर तोंडाला लावून खाटेवर बसून हसायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. "हसा खुशाल," मी म्हटलं, "पण या दिवसांत मी घर कुठे शोधत फिरू?" म्हणताना रडूच फुटलं.

त्या हसायच्या थांबल्या. मधल्या डागाकडे बोट करून म्हणाल्या, "इथे काय होतं?"

"आईचा फोटो."

"आता कुठाय?"

"ट्रंकेत."

"लावा परत."

मी डोळे पुसून त्याच जागी खिळा धरला आणि हातोडी मारली. खिळा वाकला. दुसराही वाकला. माझा गूळचुना दगड झाला होता.

मालकीणबाईंनी माझ्या हातातली हातोडी घेतली, पदर खोचला, चार बोटं बाजूला सरकून आपल्या भिंतीत तिसरा खिळा दणकून ठोकला. मग फोटो अडकवला आणि सरळ आहे का ते बघायला मला मागे उभं केलं.