तीन वसाहती, एक गटार

स्वयंपाकघराचं छत कोसळलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी भाकऱ्या थापत होत्या. आवाज ऐकून मी धावत खाली गेले. परातीत सिमेंटची ढेकळं पडलेली, मावशी ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या, उजवा हात भलतीकडेच वळलेला. मला बघून त्या म्हणाल्या, "बाई, आधी गॅस बंद करा." मी गॅस बंद केला आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

आमची वसाहत सातपूरच्या अंगाला. कारखान्यांत कामाला येणाऱ्यांसाठी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेली, बहुतेक घरं आम्हा बौद्धांची. आमच्या वर, चढावर, दुसरी वसाहत आहे. तिथली माणसं निफाड, दिंडोरीकडच्या शेतकरी घरांतून आलेली. नाल्यापलीकडे तिसरी, मालेगाव-सटाण्याकडच्या लोकांची. तिन्ही एकाच वयाच्या. सगळीकडे छताच्या सळया गंजून बाहेर आलेल्या. वरच्यांचं सांडपाणी आमच्या दारावरून जातं आणि पलीकडच्यांच्या पुढ्यात जाऊन तुंबतं.

मावशींच्या हाताला प्लास्टर घातलं त्याच आठवड्यात मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन गृहनिर्माण मंडळाच्या कचेरीत गेले. तिथल्या इंजिनिअरनं तिन्ही वसाहतींचा नकाशा टेबलावर पसरला. "बाई, तुमच्या एकट्यांची जागा अपुरी पडते. रस्ता एक, गटार एक. तिघांनी मिळून प्रस्ताव आणा, सगळंच नव्यानं बांधता येईल."

मी शाळेत शिक्षिका होते. अर्ज लिहिणं आणि माणसं गोळा करणं ही दोन कामं मला येतात. वरच्या वसाहतीचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी माझ्याच हाताखाली शिकली. त्यांनी मला चहा पाजला, म्हणाले, "मॅडम, पुढाकार घेतलात ते फार बरं केलंत. रविवारी सकाळी दहा. आमचे पन्नास-साठ जण नक्की."

एवढी माणसं मावतील असा हॉल तिन्ही वसाहतींत एकच, आमच्या विहाराचा. शनिवारी आम्ही बायकांनी तो धुऊन काढला, सतरंज्या घातल्या, खुर्च्या मांडल्या. रविवारी दहाला पलीकडचे लोक आले. मावशी गळ्यात हात अडकवून पहिल्या रांगेत बसल्या. साडेदहा झाले, अकरा झाले. वरच्या वसाहतीतून एकही माणूस आला नाही. फोन लावला तर उचलेनात. केलेला चहा गार झाला.

मी तशीच उठले आणि चढ चढून अध्यक्षांच्या दारात उभी राहिले. ते पेपर वाचत बसले होते.

"भाऊसाहेब, काय झालं?"

"या ना मॅडम, बसा. अहो, तिकडे गाड्या लावायला जागा नाही."

"पाच मिनिटांचा उतार आहे. गाडी कशाला लागते?"

ते घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गैरसमज नको. आमच्या लोकांना जरा संकोच वाटतो. सवय नाही हो. दुसरीकडे कुठे ठेवा, सगळे येतील."

"तुमची मुलगी दहावीला त्याच हॉलमधल्या अभ्यासिकेत बसायची. वर्षभर."

"ते वेगळं होतं."

"तुमच्या न्हाणीघरातलं पाणी रोज आमच्या दारात येतं, भाऊसाहेब. त्याला नाही कधी संकोच वाटला!"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. त्यांनी पेपर पुन्हा उघडला. मी रागानं तरातरा उतरून आले.

त्याहून जास्त राग मला त्या संध्याकाळी आपल्याच लोकांचा आला. जिन्यात सगळे जमले होते. एक जण म्हणाला, "बाई, कुठे ताणता? शाळेत घेऊ बैठक. आपल्याला घरं पाहिजेत." दुसऱ्यानं मान डोलावली, तिसऱ्यानंही. मी म्हटलं, आज हॉल सोडला तर उद्या ते जिना वेगळा मागतील. कुणी ऐकलं नाही. हात वर झाले आणि मी हरले.

बैठक शाळेत झाली. वरचे झाडून सगळे आले, इस्त्रीचे कपडे घालून. मी शेवटच्या बाकावर तोंड शिवून बसायचं ठरवलं होतं. पण कागदपत्रं माझ्याकडे, गटाराची मोजणी मला ठाऊक, त्यामुळे बोलावंच लागलं. प्रस्ताव गेला. महिन्याभरानं पहिला आराखडा आला. मी चष्मा पुसून तो नीट पाहिला. वरच्यांची इमारत मोठ्या रस्त्याला, फाटक स्वतंत्र. आम्ही आणि पलीकडचे मागे, नाल्याच्या काठावर.

"हे असं कुणी सांगितलं?" मी भर बैठकीत विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "ज्याची त्याची माणसं एकत्र राहिली तर बरं, मॅडम. सगळ्यांच्याच सोयीचं."

मी उभी राहिले. शाळेत कधी एवढ्या मोठ्यानं ओरडले नसेन. "चिठ्ठ्या टाका! तिन्ही वसाहतींची नावं एका डब्यात. ज्याला जे घर लागेल ते. नाहीतर माझी सही नाही, आणि कागदही मिळणार नाहीत."

गलका झाला. त्या गलक्यात नाल्यापलीकडची एक म्हातारी उठली. पोराच्या घरी राहायला आलेली, अजून गावाकडची बोली तोंडात. "चिठ्ठीच बरी शे," एवढंच म्हणाली आणि बसली. तिच्या मागे तिची सगळी रांग बोलायला लागली. आणि मग, जिन्यात माझ्या विरोधात गेलेले आमचे ते तिघंही. दीड महिना काम अडून राहिलं. वरच्यांनी बाहेरचा बिल्डर बोलावून पाहिला. गटारासाठी खालच्यांची संमती आणा म्हणून तोही निघून गेला. शेवटी ते कबूल झाले. मनापासून नाही, नाइलाजानं. त्यांच्यातल्या सहा कुटुंबांनी हरकत घेतली आहे, ती अजून चालू आहे.

आता गटाराची नवी लाइन टाकताहेत, तिन्ही वसाहतींची मिळून. अध्यक्ष रस्त्यात भेटले की हात जोडतात. "शेवटी जमलं ना मॅडम सगळं?" मी नमस्कार करते आणि पुढे जाते. गोड बोलणं मला अजून जमत नाही.

मागच्या आठवड्यात एसटीनं सिन्नरला गेले. मावशी तिथे लेकाकडे राहतात. घर धोकादायक म्हणून त्यांना सोडावं लागलं. कोपर आता सरळ होत नाही, भाकरी सून करते. मी आराखडा पलंगावर उलगडून दाखवला, स्वयंपाकघर कुठे, खिडकी कुठे. त्यांनी डाव्या हातानं त्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या शेजारी कोण येईल?"

"चिठ्ठीत निघेल ते. वरचंही कुणी येईल."

"त्यांना चालेल का हो?" त्यांनी काळजीनं विचारलं.

हाड मोडलेली बाई, चाळीस वर्षं त्यांचं घाण पाणी दारात सोसलेली, आणि काळजी कुणाची, तर त्यांची! माझं डोकं भणाणलं. पण त्यांच्यावर काय ओरडायचं?

"मावशी," मी म्हटलं, "ते शेजारी तुम्हाला चालतील का, ते सांगा."

असं त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं. त्यांनी नकाशा जवळ ओढला आणि शेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बघते. विचार करून सांगते."