अर्ध्यातून परत जाणारे दार

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही संताप येतो. एका सकाळी उचगावचा एक व्यापारी आपल्याच ड्रायव्हरला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला. बंगल्याच्या गॅरेजचे रिमोटवर चालणारे दार घरकाम करणाऱ्या बाईच्या अंगावर आले होते. दाराखाली वाकून ती रांगोळी घालत होती. कमरेचे हाड मोडून ती सरकारी रुग्णालयात पडली होती. ड्रायव्हरने न बघता रिमोट दाबला, अशी व्यापाऱ्याची फिर्याद होती.

ड्रायव्हरला विचारले. "व्हय साहेब. न बघता रिमोट दाबला." फिर्यादीतलेच शब्द, त्याच क्रमाने. खरे सांगणारा माणूस अडखळतो, मागेपुढे जातो, नको ते तपशील देतो. पढवलेला माणूस असा सरळ बोलतो. तो बायकोमुलांसह मालकाच्याच आवारातल्या खोलीत राहत होता. शिक्षा झाली असती, तर पुढे त्याच्या हाती कोणी गाडी दिली नसती.

फिर्याद नोंदवून घेतली, अटक मात्र केली नाही. बाईचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. ड्रायव्हरचे नाव ऐकताच ती उसळली.

"त्यानं? त्यो तर फाटकापाशी नळी धरून झाडास्नी पाणी घालत हुता! मालक वर गॅलरीत हुतं. कुत्री शिरत्यात म्हणून त्येच वरनं रिमोट दाबून दार लावत्यात." मग श्वास घेऊन म्हणाली, "आणि साहेब, आधी ते दार अर्ध्यातनं माघारी जायाचं. हल्ली जात न्हाय."

दुपारी पंचांना घेऊन बंगल्यावर गेलो. दाराखाली प्लॅस्टिकची बादली ठेवली आणि बटण दाबले. दार आले, बादली चेपली, तरी थांबले नाही. अशा दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, समोरासमोर दोन सेन्सर असतात. मधली अदृश्य रेघ कशानेही तुटली की दार परत वर जाते. इथे त्या जागी नुसते खिळे होते. दोन्ही सेन्सर छताजवळ समोरासमोर टेपने चिकटवलेले सापडले. मध्ये काही येणे शक्यच नव्हते. पंचनाम्यात हे जसेच्या तसे लिहिले.

दार बसवणाऱ्याला ठाण्यात बोलावले. तो लगेच मोकळा झाला.

"दार पुरतं लागत न्हवतं साहेब. गाडी आत असली की निम्म्यातनं वर जायाचं. गाडी लांब, उलटी आत घालत्यात, तोंड दाराकडं, आणि फुडच्या बंपरला लिंबू-मिरची. ती बरोबर सेन्सरच्या आडवी लोंबायची."

"मग ती काढायची."

"म्हटलं की! मालक म्हणालं, लिंबू हलणार न्हाय, तुझं यंत्र हलीव."

"आणि तू हलवलंस?"

"गिऱ्हाईक हाय साहेब."

लिंबू-मिरची मागच्या बंपरला, किंवा चार बोटे वर बांधली असती तरी दार नीट लागले असते. त्याऐवजी एकाने माणसाला वाचवणारी सोय काढायला लावली, दुसऱ्याने ती काढली, आणि पहिल्याने त्याच दाराखाली बाईला रोज रांगोळी घालायला लावली. तिला कोणी काही सांगितले नाही.

व्यापाऱ्याने आधी सगळे नाकारले. पंचनामा पुढे ठेवल्यावर त्याचा आवाज चढला. "बाई जित्ती हाय की! एवढं कशाला ताणताय?"

दरोडेखोरांच्या तोंडूनही मी इतके निर्लज्ज वाक्य ऐकलेले नाही. दरोडेखोराला निदान आपण गुन्हा केला हे माहीत असते. गुन्ह्यात व्यापारी आणि दार बसवणारा, दोघांनाही आरोपी केले. खोटी फिर्याद दिल्याची कारवाई वेगळी केली.

ड्रायव्हरचा खरा जबाब मात्र अजून बाकी होता. पुरावा समोर असूनही तो तोंड उघडेना. कुणाची साक्ष घेण्याआधी त्याच्या डोक्यावरचे छप्पर कुणाचे आहे ते पाहावे, हे मी या प्रकरणात शिकलो. त्याने एक दिवस मागून घेतला. मी दिला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात एक टेम्पो येऊन थांबला. मागे गादी, भांडी, गॅसची शेगडी, आणि त्या सामानावर बसलेली बायकोमुले. ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"खोली सोडली साहेब," तो म्हणाला. "आता लिवा."