भीमाचा टेम्पो आणि पंचवीस माणसांचं भरीत

गाडाभर अन्न घेऊन भीम एरंडोलहून पद्मालयच्या रानात बकासुराला मारायला गेला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो टेम्पोतून गेला असं म्हणणारा मी एकटाच आहे. (आणि तेही वृत्तात!)

माझं खंडकाव्य जोरात चाललं होतं. केळीच्या बागा, महामार्ग, टोलनाका, सगळं त्यात आलं होतं. गाडी अडली ती एकाच जागी: भीम वाटेतच राक्षसाचं अन्न खात सुटतो, तेव्हा त्याला वाटतं तरी काय? तीन महिने ओळ सुचेना.

तेवढ्यात अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. माझ्या भाचीला बघून गेलेले धुळ्याचे पाहुणे रविवारी पद्मालयला गणपतीच्या दर्शनाला येऊन तिथेच शेवटचा शब्द देणार होते. मुलाचे आजोबा, नाना, यांनी असोद्याच्या वांग्यांचं भरीत खायची इच्छा बोलून दाखवली होती. असोद्यात मी राहतो. पंचवीस माणसांचं भरीत-पुरी बारापर्यंत पोचव, असं अक्काने बजावलं.

"आणि ती वही घरी ठेव," ती म्हणाली.

वही मी खिशात ठेवली. सलीमभाईचा टेम्पो सांगितला आणि मागे पातेल्यांशेजारी बसलो. पुढे बसा म्हणून तो विनवत होता, पण भीम ड्रायव्हरशेजारी बसला असता का? एरंडोल मागे पडलं, डोंगर दिसायला लागले, तसा मी निंबाखाली टेम्पो थांबवला आणि एका पुरीवर भरीत घेतलं. निव्वळ साहित्यासाठी!

आता, समोर माणूस असताना त्याला न विचारता भरीत खायची आमच्यात पद्धत नाही. शेतात कापूस वेचणारी मंडळी बघत होती. सवयीने तोंडातून गेलं, "या भरीत खायला!" यावर समोरच्याने "होऊ द्या" म्हणायचं आणि आपण घास घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ असतो.

शेतातून आवाज आला, "चाला रे बठ्ठा, भाऊ बलावी ऱ्हायनात!"

अकरा जण आले. बोलावल्यावर नाही कसं म्हणणार? मी वाढलं, आणि बसलेच आहेत तर वही उघडली. काय सांगू, ते ऐकत होते! घरी दुसऱ्या कडव्याला बायको कुकर बंद करायला उठते. (कुकर लावलेला नसला तरी.) इथे एक आजी चक्क "आखो" म्हणाल्या, म्हणजे आणखी. मी पुढचा सर्ग काढला. त्यांनी पुढे केली होती ती रिकामी पत्रावळ, हे मला सलीमभाईने नंतर सांगितलं.

त्यात रविवार. दर्शनाला निघालेल्या मोटारसायकली भंडारा समजून थांबायला लागल्या.

"भाऊ, पातेल्यात डाव वाजतोय," सलीमभाई म्हणाला.

"सर्ग संपवूनच उठणार," मी म्हणालो. बोलल्याप्रमाणे संपवला. भरीतही संपलं.

पद्मालयला अक्काने झाकण उघडलं. आत दोन मिरच्या होत्या. पन्नास वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"पोरीचं ठरत आलेलं मोडलंस रे," ती म्हणाली.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचीकडे तर बघवेना. मग मी सरळ नानांसमोर उभा राहिलो, काही न लपवता सगळं सांगितलं, आणि भरताचं सार्थक झालं हे पटावं म्हणून तो सर्ग पहिल्यापासून म्हणून दाखवला. नानांनी उपाशीपोटी, मान खाली घालून तो पूर्ण ऐकला.

"पोर आमले पसंत शे," ते शेवटी म्हणाले. "कवितामा भीम कोन ते काही समजनं नही. पन बकासुर कोन शे, ते समजनं."

लग्न थाटात झालं. मामा म्हणून मला फेटा बांधला, मानाने पुढे बसवलं. फक्त पंगती उठेपर्यंत माझ्यावर नजर ठेवायला सलीमभाईला नेमलं होतं, आणि पाहुण्यांना 'या' म्हणायचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं.