धाब्यावरून कबड्डी

कॉलेजचं मैदान आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्यासारख्या गावाला कॉलेज मिळालं याचंच लोकांना अप्रूप, त्यात कबड्डीचे सामने म्हणजे जत्राच. कॉलेजच्या संघाचा मी कप्तान होतो. म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यापर्यंत होतो. सरावात पकडीतून निसटताना गुडघा असा फिरला की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, चालशील, पण खेळणं विसर. मी बरं म्हणालो. माय रोज विचारायची, दुखते का. मी नाही म्हणायचो, आणि ते खरंही होतं. पोरगं समजूतदार आहे, असं सगळे म्हणाले. समजूतदार कसला, मला काही वाटतच नव्हतं.

फक्त तो सामना ऐकायचा होता. आपल्यावाचून संघाचं काय होतं, हे मला कळायला हवं होतं. हरले तर लोक म्हणतील, तो असता तर. माझ्या वाट्याला आता एवढंच उरलं होतं.

दरवर्षी मैदानावर भोंगे लागत आणि मराठीचे एक प्राध्यापक खेळाचं धावतं वर्णन करत. ते आमच्या चुलीपर्यंत ऐकू येई. त्या वर्षी समितीने तिकीट लावलं, चारी बाजूंनी कनाती ठोकल्या आणि फुकट्यांच्या कानावरही काही पडू नये म्हणून भोंग्यांची तोंडं आत वळवली. खेळ पाहायला तिकीट हे समजू शकतो, पण ऐकायलाही तिकीट म्हणजे हद्द झाली. सामना सुरू झाला तेव्हा मला खाटेवर नुसता गलका ऐकू येत होता. प्राध्यापकांचा आवाज तर मडक्यात अडकलेल्या माशीसारखा.

मायने चुलीवरचा तवा उतरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिडी लावून धाब्यावर चढली. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत. त्यावर तिच्या मिरच्या वाळत घातलेल्या असत. उजेडासाठी ठेवलेलं भोक नेमकं माझ्या खाटेवर होतं. त्यातून ती मोठ्याने सांगू लागली.

तिला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. "एक जन तिकडं गेला," ती म्हणाली. "चौघं आंगावर पडले. निजवलंच त्याले." चढाई नाही, पकड नाही, पण मला सगळं दिसत होतं. तिचा आवाज गल्लीतही जात होता. हळूहळू लोक भिंतीखाली जमले. चहाच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं कपबश्या हातात घेऊनच आली. कुणीतरी गुण विचारले, तर ती म्हणाली, फळ्यावर लिहिलेत, पण मला कुठं वाचता येतं? आपले जास्त उभे आहेत, एवढं मात्र खरं.

मध्यंतरात समितीचे चिटणीस गल्लीत आले. अगदी नम्रपणे म्हणाले की काकू, वर्णनाचा हक्क फक्त समितीचा आहे, तुमच्यामुळे लोक तिकीट काढत नाहीत, खाली उतरा.

"धाबं माहं, पोरगा माहा," माय म्हणाली. "तुमचा माईक तुमी तिकडं वाजवा, बापू. मी कोनाले तिकीट मांगून राह्यली का?"

गल्ली हसली. चिटणीस आल्या वाटेने गेले. एरवी मीही हसलो असतो, पण संघ माझ्यावाचून पुढे होता.

दुसऱ्या डावात तिचं वर्णन बदललं. आता ती एकाचंच सांगत होती. आपला गेला, आपल्याने दोघांना बाद केलं, आपला परत आला. आधी मला वाटलं, आपला म्हणजे आपल्या कॉलेजचा. मग ती बोलता बोलता म्हणाली, हिरव्या दोऱ्यावाला, आणि मला समजलं. थंडीतल्या एका सामन्यात माझं बनियन खांद्यावर फाटलं होतं. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून तिने हिरव्याने शिवलं होतं. बनियनं कॉलेजची. माझं आता माझ्या जागी घेतलेल्या देऊळघाटच्या पोराच्या अंगात होतं.

तिचा आवाज चढत गेला. ती आता मला सांगतच नव्हती.

"मांगं पाह्य, मांगं पाह्य," ती मैदानाकडे ओरडली. "पाय सांभाळ रे, माह्या बापा."

खाली गल्लीतली माणसं आमच्या दारातून आत पाहू लागली. माझा पाय सगळ्यांना ठाऊक होता.

आमचं कॉलेज जिंकलं. त्या पोराला खांद्यावर घेऊन, गुलाल उधळत मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली. दारासमोर ताशा जरा जोरात वाजला, मग पुढे गेला. कुणी थांबलं नाही. थांबून तरी काय बोलणार होते?

माय शिडीवरून उतरली. तोंड उन्हाने लाल, पदर खांद्यावरून घसरलेला. इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहत होतो.

"जितला," ती म्हणाली.

"कोन?" मी विचारलं.

ती बोलायला गेली आणि तिची नजर प्लास्टरवर पडली. शिडीला धरलेला हात तसाच राहिला. मग ती खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली.

"दुखते का रे?" तिने विचारलं.

"हाव," मी म्हणालो.