पावणेदोन किलोची चिमणी

गादी कारखान्यात शिलाई करणाऱ्या बाईची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. वजन जेमतेम पावणेदोन किलो, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. चौदाव्या वर्षी तिला जिना चढतानाही धाप लागू लागली.

डॉक्टरबाईंनी तिला तपासून जन्माचं वजन विचारलं. मग त्या म्हणाल्या, "दमा आहे. कमी वजनाच्या मुलांमध्ये तो जास्त दिसतो. पण त्यामुळेच झाला, असं ठामपणे नाही सांगता येत."

"कळा सुरू होईपर्यंत मी मशीनवरच होते," आई पुटपुटली.

"अगं, घाई मलाच झाली होती. तू कशाला मनाला लावून घेतेस?" चिमणी म्हणाली. आईला हसू आलं नाही.

कपड्यांवरून कापसाची धूळ घरात येते, म्हणून तिने हातात बसलेलं वीस वर्षांचं काम सोडलं आणि चार घरची धुणीभांडी धरली. औषधाच्या पंपाने चिमणीचा दमा आटोक्यात आला, बुडालेली शाळाही पुन्हा सुरू झाली. आई मात्र अजून कामावरून परतली की आधी दाराबाहेर थांबते. आतून घरघर येत नाही ना, हे कान देऊन ऐकते आणि मगच कडी वाजवते.